सात अंशांची तफावत

कलकत्त्याजवळच्या बराकपूरच्या पलीकडे, डांबरी सडक संपते तिथून निर्वासितांच्या वसाहतीपर्यंत पावणेदोन मैलांचा एक रस्ता होता. तो रस्ता आहे असे सरकारी कागदात लिहिलेले होते, म्हणून तो होता; नाहीतर आषाढ ते कार्तिक तिथे गुडघाभर चिखल आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या यांखेरीज काही दिसत नसे. १९५३ सालच्या पावसाळ्यात वसाहतीतून कुणाला इस्पितळात न्यायचे झाले, तर शेजारी एखाद्या झोपडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटत, आजाऱ्याला त्यावर निजवत आणि चौघेजण ते खांद्यावर घेऊन निघत. सडकेपर्यंत कधी दोन तास लागत, कधी अर्ध्या वाटेवर पुढे जाण्याचे कारणच उरत नसे.

वसाहतीच्या दवाखान्यात डॉक्टर होती वृंदा हळबे. तिचा थोरला भाऊ श्यामसुंदर कलकत्त्यात एस्प्लनेडजवळच्या एका सरकारी तपासणी कचेरीत नकाशा-तपासनीस होता. सरकार विकत घेईल ती प्रत्येक वस्तू मंजूर नमुन्याशी जुळते की नाही हे पाहायचे आणि जुळत नसल्यास परत पाठवायची, हे त्याचे सव्वीस वर्षांचे काम. डाव्या-उजव्या बुटांच्या वजनात अर्ध्या तोळ्याचा फरक निघाला म्हणून त्याने एकदा चार हजार जोड परत पाठवले होते, आणि घरी आलेल्या पाहुण्याला ही हकिगत पोह्यांच्या आधी ऐकावी लागे.

"दादा," वृंदा एका रविवारी त्याच्याकडे येऊन म्हणाली, "मला चिखलातून जाणारी एक छोटी गाडी करून दे. एक माणूस आडवं राहील एवढी. आमच्याकडे एका विणकराची बायको आहे, सुचित्रा. कालीपूजेच्या सुमाराला, दिवाळीत, तिचे दिवस भरतील. मागचं मूल दारावरच गेलं तिचं. यंदा मी तिला दारावरून नेणार नाही."

श्यामसुंदरने गाडी केली, आणि हे थट्टेवारी नेण्यासारखे नाही, कारण ती त्याने उत्तम केली. सियालदह स्टेशनामागे गुहा मिस्त्रीचा कारखाना होता. तिथे सहा आठवडे शनिवार दुपार आणि रविवार घालवून त्याने लष्कराच्या मोडीतले मोटारसायकलचे इंजिन मागे बसवले, विमानतळावरच्या सामानगाड्यांची चाके लावली आणि पुढच्या चाकांसाठी जमिनीवर खडूने रेघा मारून दोऱ्या ताणल्या. गाडी वळते तेव्हा आतले चाक लहान वर्तुळात फिरते आणि बाहेरचे मोठ्या. दोन्ही सारखीच वळवली तर एकाला फरफटत जावे लागते. म्हणून त्याने चाकांचे दांडे मागच्या आसाच्या मध्याकडे कलते ठेवले, म्हणजे आतले चाक आपोआप थोडे जास्त वळे. चारही चाकांना स्वतंत्र हात आणि स्वतंत्र स्प्रिंग दिली. एक चाक चाकोरीत गेले तरी बाकीची तीन जमीन सोडत नसत. गुहाने फळीवर भरलेला चहाचा कप ठेवून गाडी विटांवरून ढकलली. अर्धा कप उरला.

"पास," गुहा म्हणाला, आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

श्रावणात गाडी वसाहतीत गेली. पावणेदोन मैल सोळा मिनिटांत. ती चिखलातून उड्या मारत निघाली की पोरे 'ब्यांग, ब्यांग' म्हणून ओरडत मागे धावत. ब्यांग म्हणजे बेडूक, आणि तेच नाव पडले. पहिल्या आठवड्यात दोन आजारी माणसे सडकेला वेळेवर लागली. दोघेही जगले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. शहाण्या माणसाच्या हातून संपलीही असती. पण बेडकाच्या नकाशावर उजव्या कोपऱ्यात एक चौकोन होता, त्यावर 'मंजूर' असे छापलेले होते आणि त्याखाली शिक्का नव्हता. तो नकाशा श्यामसुंदरनेच काढला होता, चौकोनही त्यानेच आखला होता. सव्वीस वर्षे त्याने जगाकडे त्या चौकोनातून पाहिले होते आणि आता स्वतःचाच चौकोन रिकामा पाहून त्याला अन्न गोड लागेना.

"दादा, चालतेय ना? मग चालू दे," वृंदा म्हणाली.

"चालणं वेगळं आणि मंजूर असणं वेगळं, वृंदा. आणि नमुन्याशिवाय नुसता नकाशा तपासत नाहीत. पंधरा दिवसांत परत आणतो."

बेडूक ट्रकवर चढून एस्प्लनेडला आला.

कचेरीचे प्रमुख दत्तात्रय पेंढारकर यांनी बेडकाभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या आणि तिघांची समिती नेमली. तळमजल्याच्या दिवाणखान्यात गाडी उभी करण्यात आली. सुकाणू डावीकडे फिरवून समितीने कोनमापक लावला.

"हळबे, हे काय? डावं चाक एकतीस अंश वळलंय आणि उजवं चोवीस. सात अंशांची तफावत?"

"साहेब, डावीकडे वळताना डाव्या चाकाला लहान वर्तुळ मिळतं, म्हणून—"

"उजवीकडे फिरवा."

फिरवले. उजवे एकतीस, डावे चोवीस.

"म्हणजे दोष दोन्ही बाजूंना आहे," साहेब म्हणाले, आणि समितीतल्या उरलेल्या दोघांनी तसे टिपून घेतले. "हळबे, ते चार हजार जोड बूट कोणी परत पाठवले होते?"

"मी, साहेब."

"मग? बुटाला एक न्याय आणि चाकाला दुसरा?"

श्यामसुंदरला उत्तर ठाऊक होते. खडूच्या रेघा त्याच्या डोळ्यांपुढे होत्या. तो अडाणी असता तर या गोष्टीत चीड येण्यासारखे फारसे काही उरले नसते. पण साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढी दुरुस्ती करा. मग हा नमुना क्रमांक एक. देशातल्या प्रत्येक वसाहतीत हीच गाडी धावेल आणि नकाशाच्या कोपऱ्यात तुमचं नाव." "करतो, साहेब," श्यामसुंदर म्हणाला, आणि दुरुस्तीसाठी त्याने गुहाला बोलावून घेतले.

गुहाने मात्र साफ नकार दिला. "हळबेबाबू, ये गाडी है, फौज का परेड नहीं," असे म्हणून त्याने हातोडी खाली ठेवली. ती श्यामसुंदरने उचलली आणि स्वतःच्या हाताने दांडे सरळ केले. आता दोन्ही चाके सत्तावीस-सत्तावीस अंश वळू लागली. गाडी वळताना टायर किंचाळत आणि दिवाणखान्याच्या फरशीवर काळे पट्टे उमटत. समितीने तीन आठवडे विचार करून नोंद केली की वळण्याने टायर झिजतात, सबब वळणे कमी करावे. सुकाणूला दोन्हीकडून खिळी ठोकण्यात आल्या आणि चाके चार अंशांपलीकडे जाईनाशी झाली.

मग स्प्रिंगांची पाळी आली. समितीने एका चाकाखाली वीट ठेवली. तेच चाक वर गेले, बाकीची तीन जागची हलली नाहीत. एकाच गाडीची चाके वेगवेगळ्या उंचीवर असणे कोणत्याही नमुन्यात बसत नव्हते, म्हणून लोखंडी पट्ट्या मारून चारही स्प्रिंगा जखडल्या. पुन्हा वीट ठेवली तेव्हा शेजारचे चाक हवेत लटकू लागले. यावर समितीत बराच खल झाला आणि दोष विटेचा आहे असे एकमताने ठरले. वीट काढून टाकण्यात आली, आणि यापुढची तपासणी सपाट जमिनीवरच व्हावी असा ठराव झाला.

वृंदाची पोस्टकार्डे येत होती. 'सुचित्राचे पाय सुजले आहेत. गाडी केव्हा?' 'दादा, पंधरा दिवसांचे दोन महिने झाले.' श्यामसुंदरने प्रत्येक कार्डाला उत्तर लिहिले: प्रकरण अनुकूल अवस्थेत आहे.

ते खरोखरच अनुकूल होते. कालीपूजेच्या आदल्या दिवशी चौकोनात शिक्का पडला. श्यामसुंदरने साऱ्या कचेरीला संदेश मिठाई वाटली. त्याच दुपारी वसाहतीत सुचित्राच्या झोपडीचे दार उचकटले गेले. सडक गाठायला चौघांना पावणेतीन तास लागले. वाटेत मूल गेले आणि सडकेच्या कडेला सुचित्रा गेली. ती तेवीस वर्षांची होती. समितीच्या अहवालात या गोष्टीला रकाना नव्हता, म्हणून ती इथे लिहावी लागते आहे.

पुढच्या आठवड्यात त्याच दिवाणखान्यात प्रदर्शन भरले. झेंडूच्या माळा घातलेला बेडूक मधोमध उभा होता. तिसऱ्या दिवशी वृंदा आली, चपलांना वसाहतीचा चिखल घेऊन.

"गाडी दे, दादा. अजून दोघी आहेत."

श्यामसुंदरने इंजिन चालू केले. दिवाणखान्याचे मोठे दार डाव्या हाताला होते. बेडूक सरळ गेला आणि समोरच्या भिंतीला टेकला. मागे घेतला, पुन्हा सुकाणू फिरवले, पुन्हा भिंत. असे सात वेळा झाले. चार अंशांत दार येत नव्हते.

"बघा, केवढी स्थिर गाडी आहे!" पेंढारकरसाहेब जमलेल्या लोकांना म्हणाले. "रेषा सोडतच नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

वृंदाने भावाकडे पाहिले. "तुला माहीत होतं ना, दादा? चाकं सारखी केली तर काय होईल ते?"

"हो."

"तुला कळत नसतं तर मी तुला माफ केलं असतं," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती भावाच्या घरी आली नाही.

तिने वर तक्रार केली, आणि तिची दखल घेतली गेली नाही असे कुणी म्हणू नये. वसाहतीत आजाऱ्यांना अजून दारावरून नेतात, हे वाचून कचेरीने तातडीचा हुकूम काढला: रुग्णवाहतुकीचे प्रचलित साधन, दार, नग एक, नमुन्यादाखल सादर करावे. सुचित्राच्या नवऱ्याचेच दार आणले गेले. श्यामसुंदरने ते मोजले. डावी बाजू आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी भरली, तफावत शून्य. पहिल्याच बैठकीत मंजूर झालेली त्या कचेरीच्या इतिहासातली ती एकमेव वस्तू. ती बेडकाशेजारी उभी करण्यात आली, आणि झोपडीने थंडी पोत्याच्या पडद्यावर काढली.

प्रदर्शन महिनाभर चालले. श्यामसुंदर रोज गाडीशेजारी उभा असे. आज कुणीतरी विचारील, "ही वळते का हो?" असे त्याला रोज वाटे, आणि विचारले तर खरे सांगून टाकायचे असे त्याने ठरवले होते. वळते का, हा प्रश्न लहान पोरही घरातल्या खेळण्याला विचारते. चार हजारांवर माणसे येऊन गेली. कुणी टायर दाबून पाहिले, कुणी शिक्का वाचला. बाहेर पडताना अभिप्रायाच्या वहीत लोकांनी लिहिले, 'देशाची प्रगती पाहून ऊर भरून आला.'

ती वही अजून कचेरीत आहे. शेवटच्या रविवारच्या पानावर वरून पाचवी सही तुमची आहे. तुम्ही सहकुटुंब आला होतात, सुचित्राच्या दाराला पाठ टेकून उभे होतात, आणि श्यामसुंदर मोठ्या आशेने तुमच्या तोंडाकडे बघत होता. तुम्ही विचारलेत ते एवढेच, की मुलीला गाडीत बसवून फोटो काढला तर चालेल का.

साहेबांनी परवानगी दिली.