बागचीसाहेबांचा सहा पानी अर्ज

सोसायटीची सचिव म्हणून मी गेटवर चिठ्ठी लावली होती: ‘उद्या टाकी धुणार. दहा ते बारा पाणी नाही.’ संध्याकाळी तिच्याखाली हिरव्या शाईत शेरा होता, ‘पाहिले. कारणे सादर करावीत.’

शेरा बागचीसाहेबांचा. मूळचे बंगालचे, नोकरीभर महाराष्ट्रात सनदी अधिकारी. आता पळसदरीला आमच्या बारा बंगल्यांतल्या सातव्यात एकटेच राहतात. “मराठीत निकाल लिहिणारा पहिला बंगाली अधिकारी मीच,” हे ते दूधवाल्यालाही सांगतात. सध्या आत्मचरित्र लिहितायत, तेही मराठीत. चारशे पानं झाली, नायक अजून प्रोबेशनवर आहे. एक प्रकरण मी ऐकलंय. त्यात पुलाचं उद्घाटन होतं. पुलापेक्षा भाषण लांब होतं. तेव्हापासून ते वही घेऊन निघालेले दिसले, की मी गच्चीवर वाळवण बघायला जाते.

आमच्याकडे भांडी घासणाऱ्या हिराबाईच्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढत नव्हतं. साहेबांनी हौसेनं अर्ज लिहून दिला. सहा पानं, कलमांसकट. कर्जतच्या कारकुनानं तो न वाचताच परत केला.

“सायेब, पाचवी खेप झाली माझी!” हिराबाईनं त्यांना फाटकातच गाठलं. “सुनंला सातवा लागलाय. नाव नाय तर तिच्या वाटचं धान्य नाय. तुमचं पुस्तक कोन खानार?”

साहेबांनी ती सहा पानं घडी घालून खिशात ठेवली. मी साधा एकपानी फॉर्म दहा मिनिटांत भरला, कागद क्रमानं लावले, टाचणी मारली. दुसऱ्या दिवशी साहेब तिच्याबरोबर रिक्षात बसून गेले. म्हटलं, आता थेट तहसीलदारांच्या केबिनमध्ये घुसून भाषण देणार.

संध्याकाळी हिराबाई सांगत होती, “सायेब तीन तास रांगेत उभं व्हतं, ताई. मी म्हनलं, आत जाऊन वळख सांगा. तर म्हनं, रांग मोडायची नाय. खिडकीवर इचारलं, तुमी या बाईचं कोन? तर म्हनं, शेजारी.”

“आणि नाव?”

“लागलं की! मग मी म्हनलं, शेजारी हाय तर चला घरी जेवाया. सुक्या मासळीचं, वाकटीचं कालवन व्हतं. दोनदा भात घेतला. म्हनं, सात वर्सांत या गावात पयल्यांदा कुनाच्या घरी जेवतोय.” ती थांबली. “खरं गं ताई? तुमच्याकडं बी कदी नाय आलं?”

मी म्हटलं, “कुकर तेवढा घासायचा राहिलाय बघ.”