ईश्वराचे म्हणणे ऐकून घेण्याबाबत

सत्य एकच असते, पण ते तीन प्रतींत सादर करावे लागते. ज्या कार्यालयाला हे उमगले ते टिकते, आणि आमचे कार्यालय सात मजल्यांवर टिकून आहे. (लिफ्ट सध्या बंद.)

लिफ्ट बंद असण्याचे कारण असे, की गेल्या वर्षी ती पाचव्या मजल्यावरून थेट तळघरात आली. आत आमचा लिफ्टमन होता. तो एकटाच होता, ही समाधानाची बाब म्हणून अहवालात नमूद आहे. प्राथमिक चौकशी चाळीस मिनिटांत आटोपली. रकाना क्रमांक नऊ, 'अपघातास जबाबदार व्यक्ती', यात 'ईश्वर' असे भरले गेले आणि कागद फायलीला लागला. इतका सुटसुटीत अहवाल मी तीस वर्षांच्या कारकुनीत पाहिला नव्हता.

मग वहिनी आल्या. म्हणजे लिफ्टमनची बायको. आम्ही सगळे त्यांना वहिनीच म्हणतो. त्यांचा अर्ज अर्ध्या पानाचा होता. ईश्वराचे नाव खोडावे आणि लिफ्टचा दोर झिजला होता असे लिहावे, एवढीच मागणी. दोर झिजल्याचे त्यांच्या नवऱ्याने तक्रारवहीत तीनदा लिहिले होते, आणि तिन्ही नोंदींखाली देखभाल विभागाच्या साहेबांचा शेरा होता: 'पाहिले.'

"वहिनी, एका शब्दाने काय फरक पडतो?" मी विचारले.

"अहवाल घरी आला तेव्हा सासूबाईंनी माझ्याकडून वाचून घेतला," त्या म्हणाल्या. "तेव्हापासून एकच धोशा लावलाय. माझ्या पोरानं देवाचं काय घोडं मारलं होतं गं? जेवायला बसतात आणि ताटावरून उठतात. तुम्ही खरं काय ते लिहा. मी त्यांना वाचून दाखवते."

अर्ज योग्य होता. पण आमचा नियम सतरा असा, की ज्याच्यावर ठपका ठेवला त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय ठपका काढता येत नाही. (ठेवताना ऐकायची गरज नसते.) म्हणजे ईश्वराला नोटीस काढणे आले. आणि नोटीस अस्तित्वात असलेल्या इसमालाच काढता येते. तेव्हा ईश्वर आहे का, असल्यास कसा आहे, आणि सत्य म्हणजे नेमके काय, हे ठरवण्यासाठी समिती नेमण्यात आली. अध्यक्ष, तर्कशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक. सदस्य, देखभाल विभागाचे साहेब, कारण लिफ्टची माहिती त्यांनाच होती. इतिवृत्त लिहायला मी.

हे साहेब म्हणजे कार्यालयातले सर्वांत कडवे नास्तिक. कोणी सहज 'देवाची कृपा' म्हणाले तरी त्यांचा चहा कडू व्हायचा. समितीत आता ईश्वराचे काही खरे नाही, असे आम्हाला वाटले. पण माणूस बदलू शकतो. ईश्वर नाही असे ठरले तर रकाना नऊ रिकामा होतो, आणि रिकामा रकाना आमच्याकडे चालत नाही, ही गोष्ट पहिल्याच बैठकीत कोणीतरी बोलून गेले. दुसऱ्या बैठकीला साहेब ईश्वराच्या अस्तित्वाची सिद्धता टाइप करूनच आले. ती मी जशीच्या तशी देतो.

'कारणाशिवाय कार्य घडत नाही. लिफ्ट पडणे हे कार्य होय. सबब त्यास कोणीतरी जबाबदार असलेच पाहिजे. घटनेच्या दिवशी इमारतीत एकशे बारा कर्मचारी हजर होते. आपण जबाबदार नाही असे त्यांपैकी एकशे अकरा जणांनी लेखी दिले आहे. उरलेला एक मयत आहे व त्याने जबाब दिलेला नाही. मात्र तो स्वतः पडला असल्याने त्याने पाडले असे म्हणता येत नाही. सबब एकशे तेरावा कोणीतरी आहे.'

प्राध्यापक उभे राहिले आणि त्यांनी साहेबांचा हात हातात घेतला. मोठमोठ्या विचारवंतांची हयात ज्यात गेली ते काम एका हजेरीपटाने केले होते. या सिद्धतेला श्रद्धा लागत नाही, साक्षात्कार लागत नाही. फक्त सगळ्यांना हात झटकावे लागतात.

अस्तित्व मार्गी लागल्यावर स्वरूप सोपे गेले. ईश्वर सर्वज्ञ असल्याने नोटीस न पाठवताच ती त्याला पोचली असे धरण्यात आले. (टपाल शाखेने या सोयीबद्दल लेखी आभार मानले.) सुनावणीला साडेअकरा वाजता शिपायाने दारात उभे राहून तीनदा पुकारा केला. कोणी आले नाही. पण ईश्वर सर्वव्यापी असल्याने त्याला गैरहजर मांडणे चूक ठरले असते, म्हणून मी 'हजर, गप्प' अशी नोंद केली. आता, सर्वशक्तिमान असून जो स्वतःच्या बचावासाठी तोंड उघडत नाही, त्याला आरोप मान्य आहे, हे उघड आहे. अशा रीतीने ईश्वर आहे, त्याला सगळे ठाऊक आहे, त्याच्या हातात सगळे आहे आणि तो काहीच करत नाही, हे चार निष्कर्ष एकमताने संमत झाले. वर्णन ओळखीचे वाटल्याने दोघे-तिघे साहेबांकडे पाहू लागले, तेव्हा चहाची सुट्टी देण्यात आली.

सुट्टीनंतर वहिनींनी तक्रारवही टेबलावर ठेवली.

"यात सगळं आहे, साहेब. त्यांच्या हाताचं आहे."

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "बाई, दोर झिजलाय असं त्यांनी लिहिलं, हे सत्य आहे. पण दोर झिजला होता, हे सत्य आहे का? दोर आता तुटलेला आहे. तुटलेल्या दोराला आपण झिजलेला कसं म्हणणार?"

"तुटायच्या आधी झिजला होता."

"तेव्हा आपण पाहिला नव्हता."

"यांनी पाहिला होता की." वहिनींनी साहेबांच्या शेऱ्यावर बोट ठेवले. "तीनदा लिहिलंय, पाहिले. काय पाहिलं होतं, साहेब?"

साहेबांनी वही जवळ ओढली आणि बराच वेळ पाहिली. "अक्षर," ते म्हणाले. "अक्षर चांगलं होतं त्याचं."

मी हेही इतिवृत्तात घेतले. मला तेव्हा लाज वाटली, पण लाजेला रकाना नाही, आणि निवृत्तीला माझी दोनच वर्षे उरली आहेत.

समितीने घाई केली असे कोणी म्हणू नये, म्हणून शेवटी नागरिकांकडून सूचना व हरकती मागवल्या. वर्तमानपत्रातल्या सूचनेत लिफ्टमनचा मृत्यू, तक्रारवहीतल्या तिन्ही नोंदी आणि त्यांखालचे शेरे, सगळे तारीखवार छापले होते. आम्ही काही लपवत नाही. खाली एक ओळ होती: 'ईश्वर व सत्य यांच्या स्वरूपाबाबत आपले मत कळवावे.' एक हजार चारशे छत्तीस पत्रे आली. ईश्वर आहे म्हणणारी सातशे दोन, नाही म्हणणारी सहाशे एकोणनव्वद, आणि प्रश्नच चुकीचा विचारला आहे असे सांगणारी पंचेचाळीस. एवढा वैचारिक जिवंतपणा पाहून प्राध्यापकांना गहिवरून आले.

वहिनींनी पत्रे वाचायची परवानगी मागितली. अकरा दिवस त्या माझ्या कपाटाशेजारच्या स्टुलावर बसून वाचत होत्या. संध्याकाळी रोज सांगायच्या, "भाऊ, आजच्या गठ्ठ्यात दोराबद्दल कोणी लिहिलं नाही." बाराव्या दिवशी गठ्ठे संपले. रकाना नऊ कायम ठेवण्यात आला.

हे वाचून तुम्ही आमच्या कार्यालयाला हसत असाल. हसा. पण तुमचेही पत्र त्यात होते. सहा पानी, समास सोडलेले. ते 'आहे'च्या गठ्ठ्यात होते की 'नाही'च्या, हे सांगायची मला मुभा नाही. मुद्दे बिनतोड होते. प्राध्यापकांनी दोन ठिकाणी 'वा' लिहिले आहे. वहिनींनी ते एकच पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचले. का, म्हणून मी विचारले.

"एवढं शिकलेलं माणूस आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्याच नजरेतून सुटलं असेल."