तीन नंबरचा पुदिना

फ्रीजच्या दारावर ‘यात खाण्यापिण्याच्या वस्तू ठेवू नयेत’ अशी सूचना होती आणि खाली लेबलकाकांची सही होती. त्या दिवशी सकाळी त्याच फ्रीजच्या खालच्या खणात बाजारातून आणलेली पुदिन्याची जुडी कागदात गुंडाळून गुपचूप ठेवणारे गृहस्थही लेबलकाकाच होते. पोटात गॅस धरला होता, संध्याकाळी घरी जाऊन पुदिना उकळून प्यायचा बेत होता आणि तोवर जुडी बाहेर कोमेजली असती. माणूस नियम मोडतो तेव्हा त्याच्याकडे कारण नेहमी चांगलंच असतं.

झाडपाल्याच्या या प्रयोगशाळेत ते बावीस वर्षं सहायक होते. त्यांनी लावलेलं लेबल चुकलं, असं बावीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. बाटल्या, बरण्या, कुंड्या यांना लेबल असायचंच, पण काकांच्या छत्रीला, डब्याला आणि चष्म्याच्या घरालाही असायचं. नव्हतं ते फक्त त्या जुडीला. चोरून ठेवलेल्या मालावर कोण आपलं नाव घालतो?

त्याच खणात संशोधक ताईची चार पुडकी होती. आठ महिने तिने काचघरात पुदिना वाढवला होता, चार तऱ्हांनी. भरपूर पाणी आणि सावली, भरपूर पाणी आणि कडक ऊन, कमी पाणी आणि कडक ऊन, कमी पाणी आणि सावली. कुठल्या पानांत अँटिऑक्सिडंट जास्त तयार होतात, ते तिला मोजायचं होतं. त्यावर तिचा प्रबंध होता आणि प्रबंधावर तिची ठरलेली नोकरी. कुंड्या हलवताना तिने काकांना हे सगळं समजावलं होतं.

“काका, ऊन लागलं की आपण सावलीत पळतो. झाडाला पळता येत नाही. मग ते ऊन आणि तहान सोसायला आतल्या आत स्वतःचं औषध बनवतं. तीच ही द्रव्यं.”

“म्हणजे लाडावलेलं झाड कामाचं नाही?”

“दिसायला एकदम टवटवीत. आत जरा कमीच.”

“आमचे चिरंजीव,” काका म्हणाले.

त्या सकाळी ताईने चारही तऱ्हांची पानं मातीलगत कापून पुडक्यांत भरली. काकांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लेबलं लावली. दुसऱ्या दिवशी पानं वाटून, गाळून यंत्रात जायची होती.

दुपारी विभागप्रमुख मॅडमकडे दोन पाहुणे आले आणि चहावाला नेमका रजेवर निघाला. काकांना आपल्या हातच्या चहाचा भारी अभिमान. “थांबा मॅडम, आज असा चहा पाजतो की नाव काढाल,” असं म्हणून ते फ्रीजकडे गेले. गॅसचं उद्या बघू, आज थोडी जुडी चहात जाऊ दे. चष्मा टेबलावर राहिला होता, पण आपण ठेवलेली वस्तू शोधायला चष्मा कशाला? मधल्या वेळात ताईने जागा करायला खण आवरला होता, हे त्यांना कसं कळणार? सकाळी जुडी ठेवली होती त्या डाव्या कोपऱ्यातलं पुडकं त्यांनी उचललं, थोडी पानं चुरडून टाकली, वास असा काही सुटला की उरलेलीही टाकली.

मॅडमनी दुसरा कप मागून घेतला. “काय सुगंध आहे हो! कुठला पुदिना?”

“बाजारातला, मॅडम. भाजीवाला ओळखीचा आहे.”

“बघा,” मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या, “चहा असो की लेबल, बावीस वर्षांत या माणसाची चूक म्हणून नाही.”

काका फुलून गेले. मग चष्मा लावून भांडं विसळायला गेले, तर केराच्या टोपलीतला कागद त्यांच्याकडे बघत होता. त्यावर त्यांच्याच मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: ‘तीन. कमी पाणी, कडक ऊन.’

त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. फ्रीज उघडून बघितलं, बाजारची जुडी उजव्या कोपऱ्यात सुखरूप होती. पलीकडच्या खोलीत ताई पाहुण्यांना सांगत होती, “माझी सगळी भिस्त तीन नंबरवर आहे.” तेव्हाच आत जाऊन सांगितलं असतं तर चार शब्द ऐकून सुटले असते. पण आत्ताच ज्यांनी एवढी स्तुती केली त्यांच्यासमोर जाऊन ‘तुमचा चहा म्हणजे हिचा प्रबंध होता’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ते गेले नाहीत.

काचघरात तीन नंबरचे नुसते खुंट उरले होते. बाजारची जुडी तीन नंबर म्हणून खपणं शक्य नव्हतं, तिची पानं रुंद आणि लुसलुशीत. तीन नंबरची बारीक, जाड, काळपट. अशी पानं कुठे बघितली, असा विचार करताना काकांना घरची गॅलरी आठवली आणि ते स्कूटर काढून निघाले.

काकू तेव्हा बहिणीकडे तिच्या मुलीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. जाताना त्यांनी नवऱ्याला दोनच गोष्टी बजावल्या होत्या. माझ्या पुदिन्याला रोज पाणी घालायचं आणि पानाला हात लावायचा नाही. काकांनी दुसरी गोष्ट तोवर कसोशीने पाळली होती. पहिल्या गोष्टीचं काय झालं, ते कुंडीकडे बघून कुणालाही कळलं असतं. माती भेगाळली होती, पानं बारीक, जाड, काळपट झाली होती. हुबेहूब तीन नंबर! वास्तविक त्या क्षणी त्यांना लाज वाटायला हवी होती. वाटला तो आनंद. लाज मागाहून आली, आणि सगळी एकदम आली.

दुसऱ्या दिवशी यंत्राने आकडे दिले. एक, दोन आणि चार नंबर एकमेकांच्या आसपास होते. तीन नंबर त्यांच्या दुप्पट होता. ताई लहान मुलीसारखी ओरडली. मॅडमनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच दोन पाहुण्यांना फोन लावला. “शेवटी सगळं नमुने सांभाळण्यावर असतं,” असं सांगून त्यांनी काकांकडे कौतुकाने बघितलं. काका खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागले. पायात चपला होत्या.

दोन दिवसांनी काकू परतल्या. बॅग ठेवायच्या आधी त्यांनी गॅलरी गाठली.

“अहो, हे काय? पार भादरलाय!”

“कीड लागली होती गं. म्हणून छाटला.”

“पाणी घातलंत ना?”

“रोज,” काका म्हणाले. एका खोटेपणाला दुसऱ्याची सोबत मिळाली.

एवढा मोठा आकडा आला की तो पुन्हा आणून दाखवावा लागतो. पाच आठवड्यांनी काचघरातल्या कुंड्या पुन्हा भरल्या, पानं कापली, मोजली. या वेळी तीन नंबर बाकीच्यांपेक्षा जेमतेम वर होता. ताईने परत मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. तिने काटा तपासला, यंत्र तपासलं, आठ महिन्यांच्या वह्या पहिल्या पानापासून वाचल्या. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. मॅडमनी सांगून टाकलं, “दोन आकड्यांचा मेळ लागत नसेल तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल. आठ महिने.” नोकरी काही आठ महिने थांबणार नव्हती.

काका डबा न उघडताच घरी परत नेऊ लागले. ते ताईची नजर चुकवून भिंतीभिंतीने चालू लागले. असे चार दिवस गेल्यावर ताईच एक कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी आली.

“काका, एवढं वाचता? मॅडमना द्यायचंय.”

कागदावर लिहिलं होतं, ‘पहिल्या नमुन्यांची लेबलं मी स्वतः लावली होती. त्यात माझ्याकडून अदलाबदल झाली असावी. मी सर्व काम पुन्हा करायला तयार आहे.’

“पण ताई, लेबलं तर मी लावली होती.”

“माहीत आहे. पण तुमची बावीस वर्षं आहेत, काका. त्यांना कशाला डाग? माझं तर अजून नावच व्हायचंय, जाऊन जाऊन काय जाणार?”

धरणीने पोटात घ्यावं असं काकांना वाटलं, पण दुसऱ्या मजल्यावर ती सोय नसते. त्यांनी कागदाची चौघडी करून खिशात घातली आणि ताईला घेऊन थेट मॅडमच्या खोलीत गेले.

“मॅडम, पहिल्या वेळी तीन नंबर यंत्रात गेलाच नव्हता.”

“मग कुठे गेला?”

काकांनी टेबलावरच्या रिकाम्या कपाकडे बघितलं. मॅडमनीही बघितलं.

“तुमच्या पोटात. दोन कप.”

मॅडमनी कप हळूच बाजूला सरकवला.

“आणि पाहुण्यांच्या?” मॅडमनी विचारलं.

“एकेक.”

मॅडमचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. “वीस वर्षं मी पुदिन्यावर काम करतेय,” त्या हळूच म्हणाल्या, “आणि मी विचारलं, कुठला पुदिना!”

ताई खुर्चीत बसली. “पाच दिवस मी झोपले नाहीये, काका.”

“मला माहीत आहे.”

“नाही. तुम्हाला नाही माहीत.”

काकांनी मान आणखी खाली घातली. एवढं लाजिरवाणं आपल्याला बावीस वर्षांत वाटलं नव्हतं, असं ते पुढे कबूल करत. तेवढ्यात मॅडमचा आवाज बदलला.

“एक मिनिट. मग यंत्रात गेलं ते काय होतं?”

“आमच्या घरचा पुदिना.”

“आकडा तर खरा आहे,” मॅडम उठल्या. “दुप्पट! घरी काय करता तुम्ही त्याला? चला, बघायचाच आहे मला.”

संध्याकाळी काकूंनी दार उघडलं तर नवऱ्यामागे मॅडम आणि वही घेतलेली ताई. आपली कुंडी बघायला एवढी शिकलेली माणसं आली, हे ऐकून काकूंना आकाश ठेंगणं झालं. कुंडी आता हिरवीगार होती.

“पाणी किती घालता?” मॅडमनी विचारलं.

“रोज एक मग. मी मध्ये बहिणीकडे होते, पण यांनी एक दिवस चुकवला नाही हो. रोज फोनवर सांगायचे, घातलं म्हणून.”

ताईने पेन थांबवलं. “काका, कुंडी आता बदललीये. त्या दिवसांची नोंद तुमच्याशिवाय कुणाकडे नाही. मला खरा आकडा हवाय. माझ्यासाठी तरी.”

माझ्यासाठी तरी म्हटल्यावर पळायला वाट उरली नाही.

“एकोणीस दिवसांत दोन कप,” काका म्हणाले.

“दिवसाला दोन?”

“एकूण.” त्यांचा आवाज जवळजवळ नाहीसा झाला. “तेही कप विसळलेलं पाणी.”

ताईने लिहून घेतलं. काकू अगदी शांतपणे म्हणाल्या, “आणि कीड?”

“नव्हती.”

मॅडमना काकांची दया आली. “वहिनी, रागावू नका. झालं ते एका परीने चांगलंच झालं. अशा हालांतच झाडाचे गुण वाढतात. आमच्या काचघरात आठ महिन्यांत जमलं नाही, ते तुमच्या कुंडीत झालं. सगळं दुप्पट! आणि कशानं, तर नुसत्या दुर्लक्षानं.”

काकूंनी कुंडीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

“एकोणीस दिवसांत दुप्पट?”

“हो ना!”

“मग ताई, नवीन पान घे,” काकू पदर खोचून समोर बसल्या. “माझ्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली.”

ताईने ओठ घट्ट दाबून वहीत डोकं घातलं. मॅडम गॅलरीतून खालचा रस्ता बघू लागल्या. लेबलकाकांना कुणी बसा म्हटलं नाही आणि स्वतःच्याच घरात न सांगता बसावं की नाही, हे त्यांना ठरवता येईना.