तात्यांनी परीक्षा पिऊन टाकली

"तात्या, या बाटलीतलं पाणी कुठे गेलं?"

सूनबाईचा आवाज इतका शांत होता, की तात्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. या घरात एवढ्या शांतपणे सहसा कुणी बोलत नसे.

"प्यायलो," तात्या म्हणाले. "फिरून आलो, घसा कोरडा पडला होता. तुझ्या इथला फ्रीज उघडला तर समोर गार बाटली. झाकण मात्र भलतंच घट्ट हं! सुरी घालून काढावं लागलं."

"ते सील होतं, तात्या."

"तेच म्हणतोय मी. पाण्याच्या बाटलीला कशाला हवंय सील?"

सूनबाई मटकन खाली बसली. खाली खुर्ची होती, हे नशीब.

आता तिचं दुःख समजायचं तर तिचा धंदा समजून घ्यायला हवा. वर घर आणि खाली तिची प्रयोगशाळा. पाण्यात, दुधात, फळांत डोळ्यांना न दिसणारं आणि जिभेला न कळणारं काही मिसळलंय का, ते शोधून द्यायचं. भरलेल्या टाकीत कुणी चिमूटभर काही टाकलं, तरी आतल्या खोलीतलं यंत्र ते बरोब्बर पकडायचं. पण ही सगळी मिजास परवान्याच्या जिवावर. परवाना देणारं खातं दरवर्षी सगळ्या प्रयोगशाळांना एकेक सीलबंद बाटली पाठवायचं. त्या पाण्यात काय घातलंय ते फक्त खात्याला ठाऊक. आपण ते ओळखायचं. बाटली फुटली, सांडली, मांजराने पाडली, असली कुठलीही सबब चालायची नाही आणि दुसरी बाटलीही मिळायची नाही.

गेल्या वर्षी सूनबाईने त्या पाण्यात एक पदार्थ मोठ्या दिमाखात शोधून काढला होता. पदार्थ होता, यात शंका नाही. फक्त तो खात्याने घातलेला नव्हता, सूनबाईच्या हाताला लावलेल्या क्रीममधला होता. नापास! सलग दुसऱ्यांदा नापास झालं की परवाना रद्द आणि दाराला कुलूप. तेव्हापासून बाईने हाताला काही म्हणून लावलं नव्हतं. भेगा पडल्या, पण लावलं नाही. आणि आज संध्याकाळपर्यंत उत्तर पाठवायचं होतं, तर तात्यांनी अख्खी परीक्षाच पिऊन टाकली.

चिरंजीव, म्हणजे तात्यांचे सुपुत्र आणि सूनबाईचे यजमान, नमुने गोळा करून तेवढ्यात आले. त्यांनी सगळं ऐकलं आणि वडिलांकडे असं पाहिलं, की तात्यांनी पेपर पुन्हा तोंडासमोर धरला.

"तात्या, नीट आठवा," सूनबाई म्हणाली. "चव कशी होती?"

"पाण्यासारखी."

"कडवट? धातूसारखी? साबणासारखी?"

पोरीला मदत करावी, असं तात्यांना मनापासून वाटलं. "आता तू म्हणतेस तर... जराशी लोखंडासारखी होती."

"नक्की?"

"किंवा मग साबणासारखी."

"लोखंड की साबण, एक काहीतरी ठरवा ना!" चिरंजीव ओरडले.

"ओरडू नकोस. लोखंडाला साबण लावला तर कसं लागेल, तसं लागलं."

एवढ्यात आरडाओरडा ऐकून सासूबाई खाली आल्या. बाटलीत काय होतं ते कुणालाच माहीत नाही, एवढंच त्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी हंबरडा फोडला. "अगं बाई! विष प्यायले हो हे!"

"आई, विष नाही. असलंच तर इतकं कमी असतं, की मुंगीलासुद्धा काही व्हायचं नाही."

पण बायको एवढी काळजी करतेय म्हटल्यावर तात्या लगेच बाकावर आडवे झाले. "अंधारी आली गं डोळ्यांपुढे."

"डोळे मिटलेत तुम्ही," चिरंजीव म्हणाले.

सूनबाईने बाटली उलटी करून, झटकून, तळाशी चिकटलेले दोन-चार थेंब कसेबसे गोळा केले आणि यंत्रात सोडले. यंत्राच्या पडद्यावर सरळ रेघ आली. काहीच नाही. पण एवढ्याशा थेंबांत काही दिसलं नाही, म्हणून बाटलीत काही नव्हतंच असं कुठल्या तोंडाने सांगणार? ती डोकं धरून बसली. आणि मग एकदम उठली.

"पाणी पोटात गेलंय, म्हणजे हरवलेलं नाही," ती म्हणाली. "ते बाहेर येणारच."

सगळ्यांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांची अंधारी तत्काळ गेली.

"छट्! मी असलं काही देणार नाही. माणसाला काही अब्रू असते की नाही?"

"सीलबंद बाटली सुरीने फोडताना कुठे गेली होती अब्रू?" सासूबाई कडाडल्या. "मुकाट्याने द्या!"

"पण आई, एकट्या तात्यांचं घेऊन भागणार नाही," सूनबाई म्हणाली. "माणसाच्या अंगात चहाचं, औषधाचं, मसाल्याचं काय काय असतं. तुलनेला घरातलंच दुसरं माणूस हवं. तेच जेवण, तोच नळ, फक्त बाटली न प्यायलेलं. दोघांत जे सारखं निघेल ते घरचं. जे फक्त तात्यांच्यात निघेल, ते बाटलीतलं."

चिरंजीवांचं जेवण निम्मं बाहेरच व्हायचं आणि सूनबाईला स्वतःवर भरवसा उरला नव्हता. राहिल्या सासूबाई.

"घे की माझं!" त्या म्हणाल्या. "माझ्यात काय लपवण्यासारखं आहे?"

अशा रीतीने दोन छोट्या बाटल्या भरल्या. भरपूर गाळून, ढवळून, सगळे सोपस्कार करून दुपारी आधी तात्यांचा नमुना यंत्रात गेला आणि त्याच्यामागे सासूबाईंचा. सगळे पडद्यासमोर बसले. रेघ सरकत होती. छोट्या टेकड्या आल्या, गेल्या. आणि मग एक सुळका असा ताडकन वर गेला, की सूनबाई खुर्चीतून उठून उभी राहिली.

"सापडलं! निकोटिन आहे!"

"म्हणजे?" सासूबाईंनी विचारलं.

"तंबाखूत असतं ते. पूर्वी पिकांवरची कीड मारायलाही वापरायचे. अगदी खात्याच्या डोक्यातून निघावा असा प्रश्न आहे हा!"

"मग ते बाटलीतलंच," सासूबाई ठणकावून म्हणाल्या. "या घरात तंबाखूचं नाव नाही. यांनी तपकीर सोडली त्याला वर्षं झाली. माझ्या गळ्याला हात लावून शपथ घेतलीय."

"मग आता तुमचा आलेख येईपर्यंत थांबायचं तरी कशाला?" सूनबाई कॉम्प्युटरकडे वळली आणि भराभर उत्तर लिहू लागली. ती हसत होती. भेगाळलेल्या बोटांनी टाइप करताना वर्षभराने ती अशी मोकळी हसत होती.

तात्या तिच्या बोटांकडे बघत होते. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात तपकिरीची डबी होती. निकोटिन कुणाचं, हे या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं. गप्प बसावं तर पोरीच्या प्रयोगशाळेला कुलूप लागणार. बोलावं तर... तात्यांनी बायकोकडे पाहिलं आणि त्यांना खरोखरची अंधारी आली. फार वाईट वेळ होती हो ती! दोनदा त्यांनी तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

"झालं लिहून. पाठवू?" सूनबाई म्हणाली.

"थांब, पोरी," तात्या म्हणाले. "ते माझं आहे."

"काय तुमचं आहे?"

"निकोटिन." आणि त्यांनी डबी काढून टेबलावर ठेवली.

चिरंजीवांनी डबी उघडून वास घेतला. मग सासूबाईंना कंठ फुटला. "माझ्या गळ्याची शपथ घेतली होतीत तुम्ही!"

"घेतली होती. पण तुला काही झालं का?"

"आणि झालं असतं म्हणजे?"

"मग लगेच सोडली असती."

हे उत्तर तात्यांनी द्यायला नको होतं. सासूबाईंनी पदर खोचला. लग्नापासून आजपर्यंतच्या सगळ्या थापा त्यांनी क्रमवार बाहेर काढल्या. चिमूटभर तपकिरीसाठी बायकोचा गळा पणाला लावणारा नवरा उभ्या जगात झाला नसेल, असं त्यांनी तीन वेगवेगळ्या प्रकारे सांगितलं. तात्या मान खाली घालून ऐकत होते. चिरंजीव मध्ये पडायला गेले आणि त्यांनाही दोन शब्द मिळाले.

"आई," सूनबाई पडद्याकडे बघत म्हणाली.

"थांब गं, मला बोलू दे!"

"आई, तुमचा आलेख आलाय."

सासूबाई एकदम थांबल्या. "बरं... उद्या बघू. वर गॅसवर दूध ठेवलंय मी."

पण चिरंजीव तोवर पडद्याशी पोचले होते. "अगं, हा सुळका कसला? हा तर तात्यांच्यापेक्षाही उंच आहे!"

तात्यांनी मान हळूहळू वर केली.

"आई, तू पण?" चिरंजीव म्हणाले.

"यांच्या डब्या मीच जप्त करायची ना," सासूबाई पदराशी चाळा करत म्हणाल्या. "टाकून द्यायच्या आधी जरा वास घेऊन बघितला. डोकं फार दुखत होतं रे."

"कधी?"

"दर वेळी. यांनी सोडली, तरी माझी काही सुटली नाही."

तात्या हसायला लागले. आधी खुदकन, मग खो खो करत, मग बाक हलेपर्यंत. सासूबाईंनी थोडा वेळ डोळे वटारले, पण त्यांना ते फार वेळ वटारून ठेवता आले नाहीत.

सूनबाईचं मात्र कुणाकडेच लक्ष नव्हतं. तिने एक आलेख दुसऱ्यावर ठेवला. चहा दोघांत, मसाला दोघांत, तपकीर दोघांत. फक्त तात्यांच्यातच आहे, असं काहीही नाही. थेंबांच्या वेळची ती सरळ रेघही हेच म्हणत होती.

"म्हणजे बाटलीत काहीच नव्हतं?" चिरंजीव म्हणाले. "परीक्षेत कोरं पाणी कोण पाठवेल? वेडी आहेस का? काहीतरी लिही!"

"गेल्या वर्षी लिहिलं होतं की काहीतरी," सूनबाई म्हणाली. तिने निकोटिन खोडलं, 'काहीही आढळले नाही' असं लिहिलं आणि डोळे मिटून पाठवून दिलं.

त्यानंतर घरात कुणाला धड जेवण गेलं नाही. खात्याचा फोन आला तेव्हा सगळे टेबलाभोवतीच होते. सूनबाईने फोन उचलला.

"अभिनंदन, बाई!" पलीकडून साहेब म्हणाले. "यंदा मुद्दाम निव्वळ शुद्ध पाणी पाठवलं होतं. कुणी शिसं शोधलं, कुणी कीटकनाशक. एकाने तर चार पदार्थ शोधले! कोऱ्याला कोरं म्हणण्याची छाती फक्त तुमची. परवाना पक्का. आता असं करा, पुढच्या महिन्यात सगळ्या प्रयोगशाळांना बोलावतोय, त्यांना तुमची पद्धत समजावून सांगा."

"पद्धत?" सूनबाईने सासूसासऱ्यांकडे पाहिलं. "साहेब, ती जरा... घरगुती आहे."

"उत्तम! साधी आणि स्वस्त पद्धतच हवीय लोकांना." फोन बंद झाला.

सूनबाई रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाही कळत नव्हतं. सासूबाईंनी तिला जवळ घेतलं आणि कानाशी पुटपुटल्या, "तिथे चारचौघांत आमची नावं घेऊ नकोस हं."

"नाही हो आई. 'घरातले दोन ज्येष्ठ स्वयंसेवक' एवढंच म्हणेन."

"का म्हणून?" तात्या ताठ बसले. "माझं नाव घ्यायचं! प्यायलं कोणी? कबूल कोणी केलं?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे एक कटाक्ष टाकला आणि सुनेला म्हणाल्या, "यांचं घेणार असशील, तर माझा सुळका उंच होता, हेही सांग."