मास्तर इंग्रजीत रस्ता विचारतात

"रस्ता विचारायचं माझ्यावर सोडा!" संग्रहालयाच्या पायरीवरच मास्तरांनी जाहीर केलं. "शहर आहे हे. इथे इंग्रजीत विचारलं तरच मान मिळतो!"

मास्तरांनी शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलेलं. त्यामुळे सासुरवाडीची नऊ माणसं निमूट मागे निघाली. साडूसुद्धा! साडूकडे दुकान होतं, मोटार होती, पण इंग्रजी नव्हतं. तेवढ्या एका बाबतीत मास्तर त्याच्या वरचढ होते आणि ते सोडायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. मास्तरीणबाईंचा जीव मात्र तळ्यातल्या नावेत अडकला होता. शेवटची नाव पाचला सुटायची आणि बाईंना जन्मात एकदा नावेत बसायचं होतं. साडेचार तर इथेच वाजले होते.

पहिला सापडला तो एक टायवाला.

"एक्स्क्यूज मी, सर! कुड यू काइंडली शो अस द वे टू द लेक?"

टायवाल्याने दोन मिनिटं फाडफाड इंग्रजी झाडलं. मास्तरांना घाम फुटला. वर्गात त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारला की पोरं खाली बघायची. तीस वर्षांत उलट उत्तर कुणी दिलंच नव्हतं! "थँक यू!" म्हणून ते तरातरा चालू लागले.

"काय म्हणाला?" साडूने विचारलं.

"सगळं म्हणाला!"

चौकात हवालदार भेटला. त्याचंही इंग्रजी यथातथाच, पण एवढ्या लोकांदेखत कबूल कोण करणार? "येस, येस! गो, गो!" म्हणत त्याने शिट्टी फुंकली, रहदारी अडवली आणि सगळ्यांना इतमामाने पलीकडे पोचवलं. पलीकडे दवाखान्याची मागची भिंत होती.

तेवढ्यात नकाशावाल्या एका जोडप्याने मास्तरांनाच इंग्रजीत स्टेशन विचारलं. मास्तर काय फुलले! आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पोस्ट ऑफिस, मग पूल. धड्यातला अख्खा रस्ता त्यांनी घडाघडा म्हणून दाखवला. जोडपं आभार मानून गेलं. साडूने तर टाळ्या वाजवल्या!

"अहो, इथलं स्टेशन तुम्हाला कुठे माहीत?" बाईंनी हळूच विचारलं.

"स्टेशनचं सोड गं, इंग्रजी कसं झालं ते बोल!"

पुढे घड्याळवाल्याचं दुकान आलं. तिसऱ्यांदा! पाचला दहा मिनिटं कमी होती.

"मी विचारते त्यांना," बाई म्हणाल्या.

"खबरदार! साडूदेखत साध्या भाषेत विचारून माझी अब्रू घालवशील!" म्हणत मास्तर वरात घेऊन कोपऱ्यावरून वळलेदेखील.

बाईंना रडू फुटायचं बाकी होतं. मग त्यांना रागच आला आणि त्या सरळ घड्याळवाल्याच्या दुकानात शिरल्या.

"दादा, तळं कुठे हो?"

"हे काय, या बोळातून मागे!"

पाच मिनिटांत बाई नावेत बसल्या होत्या.

"मावशी, सोडू का आता?"

"थांब रे बाबा, माझी माणसं यायचीत."

इतक्यात फोन वाजला. मास्तर होते.

"अहो, धावत या! घड्याळवाल्याच्या शेजारच्या बोळात शिरा, समोर तळंच आहे!"

पलीकडून मास्तरांचा दबका आवाज आला. "अगं, फोन स्पीकरवर आहे. सगळे ऐकतायत. जरा इंग्रजीत सांग ना!"

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. बाईंनी आज पहिल्यांदाच नवऱ्याचा हा हट्ट पुरवला.

"गुड बाय!" त्यांनी फोन बंद केला आणि नावाड्याला सांगितलं, "सोड रे!"