मल्लूअण्णांच्या मोटारीचं अर्थिंग

मल्लूअण्णांच्या घरी पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी प्रश्न मिळतो, "अर्थिंग बघितलं का?" पाहुणा गुडघेदुखीचं सांगत असो की सुनेशी पटत नाही म्हणून सांगत असो, अण्णांचं निदान ठरलेलं. आमच्या गल्लीतल्या एकाची सोयरीक मोडली, तेव्हाही ते मान हलवून म्हणाले, "अर्थिंग लूज हुतं."

अण्णा माझे शेजारी. सोलापुरातल्या एका मंगल कार्यालयात जन्मभर वायरमन होते. ऐन मंगलाष्टकात लाईट गेली, वरपक्ष लालबुंद झाला, तरी अण्णा सुपारी कातरत म्हणायचे, "येईल की." निवृत्त होताना त्यांनी मालकाकडून नवरानवरीला मिरवायची जुनी विलायती मोटार मागून घेतली, आणि हा थंडपणा मात्र कार्यालयातच विसरून आले.

कारण त्या मोटारीला वीज पुरवायला जुन्या पद्धतीचा डायनामो होता. मोटार पळत असली की दिवे झकास. थांबली की पेंगायला लागायचे. अण्णा रोज संध्याकाळी बायकोला, म्हणजे आमच्या काकूंना, फिरवून आणायचे. सात रस्ता चौकात सिग्नलला थांबले, की काकू त्यांचा दंड धरून विचारायच्या, "गेली का वो लाईट?" काकूंची नजर दिवसेंदिवस अधू होत होती, डॉक्टरांनी हात टेकले होते. तिथं काही अण्णांना "येईल की" म्हणवेना. त्यांनी ठरवलं, डायनामो काढून अल्टरनेटर बसवायचा, म्हणजे मोटार उभी असली तरी दिवे मंदावणार नाहीत. मला वाटलं, काकूंचे डोळे हे निमित्त, म्हाताऱ्याला खेळणं हवंय.

झालं, स्थळं बघणं सुरू झालं. उभं आयुष्य लग्नघरात काढलेला माणूस. त्याला दुसरी रीत ठाऊकच नव्हती. भंगारातून आणलेला एकेक अल्टरनेटर अंगणात पाटावर बसायचा आणि त्याची चौकशी व्हायची. कुठल्या गाडीत होता, ती गाडी का मोडली, पूर्वी कधी उघडलाय का. जीपमधला आला, तर "तब्येत बरी हाय, पण पुली तिरकी." नातेपुत्याहून ट्रॅक्टरमधला आला, तर "कष्टाळू हाय, पण आवाज लई."

"अण्णा, पत्रिकाही बघताय का?" मी विचारलं.

"थट्टा करू नका मास्तर. हितं जल्मभर नांदायचंय त्याला."

शेवटी अकलूजच्या एका डॉक्टरांच्या जुन्या गाडीतला, मध्यम बांध्याचा, कमी बोलणारा अल्टरनेटर पसंत पडला. "घराणं चांगलं हाय," अण्णा म्हणाले.

जोडणीला सगळी गल्ली लोटली. अण्णांनी डायनामो उतरवला, नवा पट्टा चढवला, जाड वायर ओढली आणि दर स्क्रूमागे अर्थिंगवर प्रवचन दिलं. मग बॅटरीला वायर टेकवली. फट्ट झालं, आणि चांगल्या घराण्यातल्या जावयानं काळा धूर सोडला.

"अण्णा, अर्थिंग बघितलं का?" मी विचारलं.

नेमकं तेच बघितलं नव्हतं. तसल्या जुन्या विलायती मोटारींचं अर्थिंग उलटं असतं, बॅटरीचा प्लस बॉडीला. अल्टरनेटरला बॉडीला मायनस लागतो. बॅटरी फिरवून लावायची, एवढंच प्रवचनाच्या भरात राहून गेलं. गल्ली पोट धरून हसली. अण्णा बोनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"मास्तर, परत स्थळं बघायला आता येळ न्हाय हो," ते हळूच म्हणाले. मी त्यावरही हसलो.

दुसरा अल्टरनेटर मिळेपर्यंत दिवाळी उलटली. परवा तिन्हीसांजेला अण्णांची मोटार दारात उभी दिसली. इंजिन हळू घुरघुरत होतं आणि दिवे समोरच्या भिंतीवर लख्ख पडले होते. अभिनंदन करावं म्हणून मी बाहेर आलो. अण्णा काकूंना हाताला धरून मोटारीपुढं आणत होते.

"लावली का वो लाईट?" काकूंनी विचारलं. त्या दिव्याकडेच तोंड करून उभ्या होत्या.

अण्णांना कसली घाई होती, ते मला तेव्हा कळलं.

अण्णांनी त्यांचा तळवा धरून दिव्याच्या काचेवर टेकवला.

"गरम हाय की," काकू म्हणाल्या.

"हाय न्हवं? गाडी उभी हाय, तरी बी."

"आता सिग्नलला जायची न्हाय?"

"न्हाय जायची."

काकूंनी हात काढला नाही, आणि अण्णांनीही बराच वेळ इंजिन बंद केलं नाही.