आपोआप काही होत नसते

एक खोटे मी बराच काळ जपले. ते अवघ्या एका शब्दाचे होते. पण ज्यांच्यापुढे मी तो शब्द उच्चारला, त्या सोनटक्के काकांना जगातला दुसरा कोणताही शब्द इतका असह्य नव्हता. माझा अपराध समजायचा असेल, तर आधी काका समजून घ्यावे लागतील.

जबलपूरच्या मदन महाल भागात आमच्या भिंतीला भिंत लावून काकांचे घर आहे. तिथल्या संगणकाच्या पडद्यावर, वरच्या कडेला, पुठ्ठ्याची एक पाटी चिकटवलेली असे: ‘बिना अनुमति अपडेट करना सख़्त मना है’. काकू गेल्यापासून काका घरात एकटेच. मग ही सूचना नेमकी कोणासाठी, असे मी एकदा विचारले.

“यालाच,” काकांनी पडद्यावर टिचकी मारली.

“मग हिंदीत काहून?”

“घरचं बोलणं याला मराठीत समजते. पण ऑर्डर हिंदीतच द्यावी लागते बावा. फॅक्टरीची सवय आहे.”

काका तोफगाड्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. त्यांचा शिक्का पडल्याशिवाय एकही सुटा भाग पुढे सरकत नसे. एखादा भाग वाकडा निघाला आणि कारागीर ‘साहब, अपने आप हो गया’ असे म्हणाला, की काका चष्मा काढून त्याच्याकडे पाहत आणि म्हणत, “अपने आप कुछ नहीं होता. कोई करता है, तब होता है.” निवृत्तीनंतर हेच वाक्य मराठीत घरी आले. दूध उतू गेले, गच्चीवरची टाकी वाहिली, शेजारच्या मुलाचा निकाल बिघडला, की काकांचा निर्णय ठरलेला: “आपोआप काही होत नसते. कोणी तरी करते, तेव्हा होते.”

कारखान्याने त्यांना हे वाक्य दिले आणि त्या बदल्यात कान घेतले. तोफांच्या चाचण्यांच्या आवाजाने ते बरेचसे बहिरे झाले होते. श्रवणयंत्र होते, पण ते कपाटात. “त्यातून माणसापेक्षा पंखाच जास्त बोलते,” अशी त्यांची तक्रार होती.

अशा माणसाच्या संगणकाने एके दिवशी पडद्यावर कळवले, की आपण झोपेत असताना मी स्वतःहून नवा होईन, आपण काही करायचे नाही. काकांना तो व्यक्तिगत अपमान वाटला.

“मी झोपलेलो आणि हा कोण येऊन घरातलं सामान हलवून जाते? माल कोणी पास केला?”

तेव्हापासून त्यांनी लढा मांडला. इंटरनेटची तार ते गॅसचा रेग्युलेटर बंद करावा तशी काम संपताच काढून ठेवत. पेन्शनचे काम किंवा रेल्वेचे तिकीट असले, की तार लागायची, काम व्हायचे, तार निघायची. अपडेट काही आठवडे पुढे ढकलण्याची सोय त्यांना सापडली, तेव्हा त्यांना आपली खुर्ची परत मिळाल्यासारखे झाले. मुदत संपत आली, की ते ताठ बसून ते बटण दाबत आणि मोठ्याने म्हणत, “छुट्टी मंजूर! आराम करो!”

पुढे त्यांना आणखी एक युक्ती कळली. आपले कनेक्शन मीटरवर चालते, असे संगणकाला सांगून ठेवले, तर तो मोठे अपडेट आपण होऊन उतरवत नाही. त्या दिवशी काका गल्लीभर सांगत फिरले, “जबलपुरात एकाही ऑटोला मीटर नाही, पण माझ्या कम्प्यूटरला आहे!”

एकदा माउस दुरुस्त करायला आलेला तरुण सहज म्हणाला, “अंकल, सिस्टम बहुत पुराना है. अपडेट मार दूँ? फ्री में हो जाएगा.”

“फ्री में तो मेहमान भी आता है, भैया,” काका म्हणाले, “पर घंटी बजाकर आता है.” आणि त्याला खोव्याची जलेबी खाऊ घालून परत पाठवले. संगणकाला मात्र बोट लावू दिले नाही.

मी हे सारे पाहून हसत असे. माझे हसणे निर्मळ नव्हते, हे आज मला कबूल केले पाहिजे. सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कार्यालयात संगणकाबाबत कोणाला काही अडले, की लोक माझ्याकडे येतात. त्यामुळे काकांच्या हट्टात मला नेहमी अडाणीपणा दिसे, आणि त्या अडाणीपणाशेजारी माझे ज्ञान मला अधिक उजळ दिसे.

मग काकांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. नागपूरला लेकीकडे, मंगलकडे, जाण्यापूर्वी त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“अविनाश, कुंड्यांना पाणी घाल. खिडकीतल्या चिमण्यांना तांदूळ टाक. आणि याला हात लावू नको.”

“नाही लावत, काका.”

मी हात लावला. माझा प्रिंटर बिघडला होता आणि कार्यालयाचा एक कागद छापायचा होता. मी त्यांचा संगणक सुरू केला, तार जोडली, कागद छापला. तेवढ्यात पडद्यावर विचारणा आली, की नवी आवृत्ती आली आहे, आता उतरवून घेऊ का? मी क्षणभर थांबलो. काकांचा चेहरा मला आठवला नाही असे नाही. तरीही मी स्वतःला समजावले, की हे त्यांच्या भल्याचे आहे. एवढा जुना संगणक सुरक्षित नाही. ते परत येतील तेव्हा सगळे वेगाने चालेल आणि ते माझे आभार मानतील. मी बटण दाबले. काम संपताच तार काढली, पडद्यावर क्रोशाचे झाकण टाकले आणि कुंड्यांना पाणी घालून आलो.

काका परतले, त्याच संध्याकाळी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. मी गेलो, तर ते संगणकासमोर उभे होते. डोळ्यांवर काळा चष्मा तसाच.

“याला काय झालं रे? हा आपला वाटून नाही राहिला.”

मी मुळात हळू बोलणारा माणूस. काकांना माझे बोलणे नेहमी दोनदा सांगावे लागे. त्या दिवशी मात्र मी पहिल्याच वेळी त्यांना स्पष्ट ऐकू येईल इतक्या मोठ्याने म्हणालो, “अपडेट झालं असेल, काका. आजकाल आपोआप होतं.”

मी वाट पाहिली. ते चष्मा काढतील, माझ्याकडे पाहतील, ते वाक्य म्हणतील. पण त्यांनी फक्त मान हलवली.

त्यानंतर ते वाक्य गल्लीत पुन्हा ऐकू आले नाही. टाकी वाहत राही आणि काका खुर्चीत बसून राहत. पाटी दिसेनाशी झाली. ‘छुट्टी मंजूर’ थांबले. मी रोज ऑफिसला जाताना त्यांच्या फाटकावरून मान खाली घालून जात असे, आणि माझे मन मला सांगे, की म्हातारपण आहे, डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, असे व्हायचेच.

परवाच्या रविवारी बायकोने दिलेली पुरणपोळी घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. इंटरनेटची तार संगणकाला लागलेलीच होती.

“काका, तार काढली नाही?” मी विचारले, मग मोठ्याने विचारले.

“आता काय राहिलं राखायला,” ते म्हणाले. “बस.”

आणि त्यांनी सांगितले. चारचौघांत काकू त्यांच्याशी ओरडूनच बोलत, ते आम्ही सगळ्यांनी ऐकले होते. पण घरी दिवसभर तसे ओरडून त्यांचा घसा बसे. म्हणून दोघेच असले, की काकू संगणकावर मोठ्या अक्षरांत मराठी टाइप करत आणि काका खुर्चीतून वाचून उत्तर देत. भाजी कोणती, औषध घेतले का, सगळे तसेच.

“भांडणंही त्याच्यावरच व्हायची. मी वाचायचं नाही म्हणून डोळे मिटून घ्यायचो, तर ती अक्षरं अजून मोठी करायची.” काका किंचित हसले. “काही ठेवायची नाही. पाटीसारखं पुसायची न नवं लिहायची.”

मात्र संगणकातल्या मराठी लिहिण्याच्या जुन्या सोयीला काकूंचे शब्द पाठ झाले होते. पहिले अक्षर दाबले, की पुढचे ती सुचवत असे.

“ती गेली, पण मी ‘अ’ दाबला की ‘अहो’ यायचं. ‘अहो’च्या मागे ‘ऐकलं का’. ‘ग’ दाबला की ‘गोळी घेतली?’ मी रोज संध्याकाळी एकदा दाबायचो. जास्त नाही. उगाच तिला त्रास.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “त्या अपडेटनं सारं पुसलं. आता बघ.”

त्यांनी ‘अ’ दाबला. पडद्यावर शब्द आले: अर्ज, अध्यक्ष, अधिकारी.

“आत कोणी सरकारी माणूस येऊन बसला,” काका म्हणाले. “नागपूरला जायच्या घाईत तार मीच अर्धवट काढली असन. माझ्याच हातून झालं, असं इतके दिवस म्हणत होतो. पण तू म्हणतो तेच खरं असन बावा. होत असते काही काही आपोआप.”

त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला आणि मला खुर्चीत बसवेना. मी उभा राहिलो. माझ्या नेहमीच्या आवाजात, जमिनीकडे पाहत, मी जे सांगायचे ते सांगितले.

“काय?” काकांनी कानामागे हात धरला. “जोरात बोल न. काहून पुटपुटून राहिला?”

जवळच्या मदन महाल स्टेशनात गाडी शिरत होती. समोरच्या गच्चीवर कोणी कपडे वाळत घालत होते. मी काकांच्या खुर्चीपाशी गुडघे टेकले, त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि आयुष्यात कधी बोललो नव्हतो इतक्या मोठ्याने म्हणालो,

“आपोआप नाही झालं, काका! मी केलं! तुम्ही नाही म्हटलं होतं तरी बटण मी दाबलं, न तुमच्याशी खोटं बोललो! चुकलो मी, काका. मला माफ करा!”